खडा, ५.८ मिलिमीटर

दांडिया बाजारात, झेरॉक्सच्या दुकानावर पहिला मजला,
तिथे मी सोनोग्राफीचे रिपोर्ट टाइप करते.
डॉ. शेलत अंधाऱ्या खोलीतून बोलतात,
मी उजेडात बसून लिहिते:
लिव्हर नॉर्मल, प्लीहा नॉर्मल,
डाव्या मूत्रनलिकेत कॅल्क्युलस, इतके इतके मिलिमीटर.
अकरा वर्षं झाली.
या शब्दाचा मी शॉर्टकट करून ठेवलाय,
दोन अक्षरं दाबली की तो आपोआप उमटतो,
पुरता कधी लिहावा लागत नाही.

पागे सर आले ते वाकून, कमरेवर हात.
पाणी पिऊन पिऊन बसले होते.
बाकावरच्या बाई म्हणाल्या, "पथरी छे, काका? कळथीनुं पाणी पीवो."
रिपोर्ट हातात पडला,
चष्मा कपाळावरून नाकावर आला
आणि सर हसायला लागले.
हसताना कळ येत होती, थांबून पुन्हा हसत होते.
"छत्तीस वर्षं हा विषय शिकवला हो मी,
आणि आज हा माझ्यातच निघाला,
तुरीच्या डाळीएवढा!"

मग मला, म्हणजे काउंटरच्या काचेला, शिकवू लागले.
लॅटिनमध्ये कॅल्क्स म्हणजे चुनखडी.
कॅल्क्युलस हे तिचं धाकटं पोर, बारका खडा.
रोमन लोक पाटीच्या खाचांतून खडे सरकवत हिशेब करायचे,
करता करता हिशेबालाच खड्याचं नाव पडलं.
"आणि तो चॉक असतो ना, तोही त्याच चुन्यातला.
म्हणजे मी आयुष्यभर
चुन्यानं चुन्याचंच नाव लिहीत होतो!"
कुणालाच काही कळलं नाही.
टोकन बावीस म्हणालं, "काका, जरा खसो ने."

मला कळलं.
मी एकोणिसाव्या वर्षी कानाला खडा लावला होता.
सयाजीगंजात, सायन्स फॅकल्टीच्या बोर्डावर,
शंभरात अकरा.
बाबा त्या प्रोफेसरांच्या नावानं खडे फोडत राहिले,
माझ्या नावानं एकही नाही, तेच जास्त लागलं.
आई तांदूळ निवडत म्हणायची,
खडा डोळ्याला चुकतो, दाताला नाही चुकत.
पुन्हा त्या विषयाचं नाव घ्यायचं नाही, ठरवलं.
घेतलंही नाही.
नुसतं टाइप केलं, रोज आठदा, नऊदा,
दोन अक्षरांत उरकून.

पंधरा दिवसांनी सर सरळ चालत आले,
हातात होमिओपॅथीची रिकामी बाटली.
नाही, रिकामी नव्हती.
तळाशी तो. तपकिरी, काटेरी,
सराट्याचं पिल्लू.
"लॅबला द्यायचाय. म्हटलं आधी तुला दाखवावा.
त्या दिवशी तू एकटीच हसलीस."
मी म्हटलं, सर, मी नापास झाले होते. याच्यातच.
त्यांनी बाटली कानाशी नेऊन हलवली,
आत टिकटिक झाली.
"मी कालच पास झालो," म्हणाले.
"पहाटे चारला. गल्ली उठवली ओरडून."
आणि पावती न घेताच जिना उतरून गेले.

संध्याकाळी टोकन एकतीस, उजवी किडनी.
डॉक्टरांनी शब्द उच्चारला
आणि बोटं सवयीनं त्या दोन अक्षरांवर गेली.
उचलली.
की-बोर्डाच्याही कळाच असतात, हे
इतक्या वर्षांत लक्षातच आलं नव्हतं.
एक दाबली. मग दुसरी.
रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं,
ती काही सुरू होईना.
आतून आवाज आला, "बेन, लखाई गयुं?"

नाही अजून, म्हटलं.
आठ आहेत.
एकेक ठेवतेय.